आमचं ठरवताय ना, मग आम्हाला विचारा : अपंग तरुण मुलामुलींचे नेहमीचे प्रश्न

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात. कधी एखादी सोळा वर्षांची पोरगी विचारते, कधी कोणाची आई विचारते, कोणी रात्री अकराला व्हॉइस नोट टाकतं आणि सकाळी डिलीट करून टाकतं. मला सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूचा हातापायांच्या हालचालींवर नीट ताबा नसतो), एका हाताने टाइप करते, दरवेळी तेच उत्तर लिहून ते बोट पार कामातून गेलंय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, नावं-गावं तेवढी काढलीत. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे असेल तर नंबर दिलाय, तिकडे बघा.

१. "आवाज असणं" म्हणजे नक्की काय? आम्हाला ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनाला, स्टेजवर बोलावतात की.

बोलावतात, खरंय. शाल, नारळ, गुलाबाचं फूल, फोटो, मग साहेबांचं लांबलचक भाषण आणि त्यात आपण सगळे "जिद्दीचे". माईक आपल्या हातात आला तरी "मनोगत व्यक्त करा" म्हणतात, म्हणजे आभार माना आणि बसा. मी म्हणतेय तो आवाज हा नाही. यंदा तीनचाकी वाटायच्या की त्याच पैशात एसटी स्टँडचं टॉयलेट वापरता येईल असं करायचं, हे ज्या खोलीत ठरलं तिथे आपल्यातलं कोणी होतं का, आणि त्याने "हे नको" म्हटल्यावर कागदावर काही बदललं का, एवढंच मी बघते. माझ्या ओळखीतल्या नववीतल्या एका पोराला शिबिरात व्हीलचेअर मिळाली ती मोठ्या माणसाच्या मापाची, बिचारा दोन्ही बाजूंना उशा कोंबून बसतो. वाटप झालं, फोटो पेपरात आला, माप मात्र कोणी विचारलंच नाही.

२. पण हे कुठे कायद्यात लिहिलंय का, की आपलं असंच म्हणायचं?

लिहिलंय. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ (लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून) याचं कलम ४ काढा, त्यात दुसरं पोटकलम आहे. अपंग मुलांना त्यांच्याशी संबंधित सगळ्या बाबतीत आपलं मत मोकळेपणाने मांडायचा इतर मुलांइतकाच हक्क आहे, आणि वय आणि अपंगत्व बघून त्यासाठी लागेल तो आधार सरकारने आणि स्थानिक संस्थांनी द्यायचाय, असं त्यात आहे. स्थानिक संस्था म्हणजे तुमची ग्रामपंचायत, नगरपालिका पण आली. हे पोटकलम मी पाठ करून ठेवलंय कारण ऑफिसात बहुतेकांना कायदा म्हटलं की नोकरीतलं ४ टक्के आरक्षण तेवढं माहीत असतं.

त्याच्या वर संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार आहे, भारताने तो १ ऑक्टोबर २००७ ला मान्य केला. त्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट आहे की अपंगांविषयीचे कायदे-धोरणं करताना अपंग व्यक्तींशी, त्यात मुलं पण, त्यांच्या संघटनांमार्फत सल्लामसलत करायची. "आमच्याशिवाय आमच्याबद्दल काही नको" ही घोषणा मोर्चात ऐकली असेल, तीच गोष्ट सरकारी भाषेत.

३. मी १५ वर्षांची आहे, मतदार यादीत नाव नाही. मला कोण विचारणार?

आत्ता लगेच आमदार विचारणार नाही. पण शाळेत विचारायला हवं, आणि तिथून सुरुवात सोपी पडते. परीक्षेला लेखनिक कोण असावा, वर्ग तळमजल्यावर हवा की नको, सहलीला तुला घरी ठेवायचं की बसची सोय करायची, या गोष्टी बहुतेक वेळा मॅडम आणि आई गेटवर उभ्या राहून ठरवतात आणि तुला संध्याकाळी कळतं. तर आईला सांग की त्या बोलण्यात मी पण असणार. शाळा व्यवस्थापन समितीत विद्यार्थी प्रतिनिधी असतात, वर्षानुवर्षं तिथे पहिला नंबर काढणारी मुलंच घेतात, तू मुख्याध्यापकांना लेखी दे की मला यायचंय. मी नववीत असताना असं पत्र दिलं होतं, सर हसले होते, वाईट हेतूने नाही, पण हसले. पुढच्या महिन्यात मात्र प्रयोगशाळेतलं एक टेबल कमी उंचीचं झालं.

मतदार यादीसाठी १७ पूर्ण झाल्यावर आधीच अर्ज करून ठेवता येतो, नाव मात्र १८ पूर्ण झाल्यावर लागतं (फॉर्म ६). आता वर्षाला चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, त्यामुळे वाढदिवस मधेच आला म्हणून वर्षभर थांबावं लागत नाही.

४. माझं अपंगत्वाचं सर्टिफिकेट ४० टक्क्यांच्या खाली आहे / माझं अपंगत्व दिसतच नाही. मी बोललो तर लोक म्हणतील हा कुठला अपंग?

म्हणतील. आपलेच लोक म्हणतील, हे जास्त लागतं. पण कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सगळे खिचडी करतात. आरक्षण, बरीचशी अनुदानं, यांना ४० टक्के लागतात. "दिव्यांग व्यक्ती" असायला आणि लागेल ती सोय मागायला ४० ची अट नाही. विकास कुमार नावाच्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके यायचे, त्याला यूपीएससीच्या परीक्षेत लेखनिक नाकारला कारण ४० टक्के भरत नव्हते, तो सुप्रीम कोर्टात गेला आणि ११ फेब्रुवारी २०२१ ला कोर्टाने सांगितलं की ही अट लेखनिकाला लावता येणार नाही. एका पोराच्या भांडणाने कित्येकांचं काम झालं.

यूडीआयडी कार्डाचे (सरकारी अपंगत्व ओळखपत्राचे) आता तीन रंग आहेत : ४० च्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं. पांढरं कार्ड म्हणजे "खोटा अपंग" असं कोणी बोललं तर सरळ दुर्लक्ष करा. १९९५ च्या कायद्यात फक्त ७ प्रकार होते, आता २१ आहेत, त्यात ऑटिझम, लर्निंग डिसेबिलिटी, थॅलेसेमिया, सिकल सेल, मानसिक आजार सगळं आहे. गडचिरोली-नंदुरबारकडची सिकल सेलची मुलं यात येतात हे त्यांच्या घरच्यांना पण बऱ्याचदा माहीत नसतं.

५. दिव्यांग म्हणायचं की अपंग?

सरकारी कागदावर "दिव्यांग" लिहा, अर्ज परत येणार नाही. बोलताना तुम्हाला स्वतःला काय आवडतं ते. मला "अपंग" चालतं, माझ्यात दिव्य काही नाही. ग्रुपवर यावरून एकदा दोन दिवस भांडण झालंय, परत नको.

६. मी २० वर्षांचा आहे. डॉक्टर, तहसील, कॉलेज, सगळीकडे आई-बाबाच बोलतात. समोरचा पण मला सोडून त्यांनाच विचारतो, "याला काय होतंय?" काय करू?

हा प्रश्न आठवड्याला एकदा तरी येतोच, आणि याचं उत्तर कायद्यात नाही, घरात आहे, म्हणून जरा सविस्तर.

आधी हे कबूल करूया की आई-बाबांनी आपल्यासाठी इतक्या रांगा लावल्यात की त्यांना आता थांबताच येत नाही. माझी आई पंधरा वर्षं माझ्या वतीने बोलली, माझं बोलणं हळू आहे, तिला वाटायचं समोरचा माणूस कंटाळेल आणि काम होणार नाही. तिचं चुकत पण नव्हतं, समोरचा खरंच कंटाळायचा. पण त्यामुळे झालं काय, तर अठराव्या वर्षी मला माझ्या गोळीचं नाव माहीत नव्हतं, माझ्या सर्टिफिकेटवर किती टक्के लिहिलेत ते माहीत नव्हतं.

आम्ही घरी एक ठरवलं आणि ग्रुपमधल्या बऱ्याच जणांना ते जमलंय. जाण्याआधी तीन ओळी कागदावर किंवा मोबाइलवर लिहायच्या : काय हवंय, का हवंय, नाही म्हणाले तर काय विचारायचं. आत गेल्यावर पहिलं वाक्य आपण बोलायचं, कितीही वेळ लागो, आईने खाली बघायचं (खरंच, तिने समोरच्याच्या तोंडाकडे बघितलं की तो तिच्याशीच बोलतो). आपण अडलो आणि आपणच तिच्याकडे बघितलं तरच तिने बोलायचं. पहिल्या दोन-तीन वेळा भयंकर होतं. एका ऑफिसात मला "ताई, घाई आहे, आईला बोलू दे ना" असं सांगितलं, मी म्हटलं मला पण घाई आहे, पण माझी जीभ ऐकत नाही. हसला आणि थांबला.

आणि सगळंच स्वतः करायचा हट्ट नको. मदत घेऊन ठरवलेलं पण आपणच ठरवलेलं असतं. तुझी सही, तुझं मत, बाबांची गाडी, असं चालतं. उलटं व्हायला नको, म्हणजे सही तुझी आणि मत बाबांचं.

७. १८ झाल्यावर गार्डियनशिप (कायदेशीर पालक नेमल्याचा कागद) काढावीच लागते का? बँक मागतेय.

नाही, प्रत्येकाला नाही. यात इतका गोंधळ आहे की सरळ तुकडे करते.

अंध असाल किंवा व्हीलचेअरवर असाल तर गार्डियनचा प्रश्नच येत नाही. अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग सगळं द्यायचं असं रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना कळवलंय. "जॉइंट खातं काढा" म्हणाले तर तसं लेखी द्या म्हणावं, लेखी म्हटलं की सूर बदलतो.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि एकापेक्षा जास्त अपंगत्व, या चौघांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्यात जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती १८ नंतर पालक नेमू शकते. नेमू शकते, नेमलाच पाहिजे असं नाही. मला सेरेब्रल पाल्सी आहे, माझं खातं माझ्या एकटीच्या सहीवर चालतं, सही दरवेळी वेगळी येते म्हणून अंगठा पण देऊन ठेवलाय.

२०१६ च्या कायद्याचं कलम १४ आणखी वेगळं आहे, त्यात "मर्यादित पालकत्व" आहे. म्हणजे ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक मुदतीसाठी, आणि पालकाने एकट्याने नाही तर त्या व्यक्तीशी बोलून, तिच्या इच्छेप्रमाणे दोघांनी मिळून ठरवायचं. आधी साधा आधार देऊन बघायचा, त्याने भागत नसेल तरच हे. पालकांनी यावर चिडून मेसेज केलेत, "आमच्या मागे याचं कोण?" ही भीती खोटी नाही, त्यावर मी शहाणपणा शिकवणार नाही. फक्त कागद काढायला जाताना ज्याच्या नावाचा कागद आहे त्याला घरी ठेवून जाऊ नका, आणि काय चाललंय ते त्याला कळेल अशा शब्दात, चित्रं काढून, चार वेळा सांगा.

८. माझ्या भावाला बौद्धिक अक्षमता आहे, २२ वर्षांचा आहे. शेजारी म्हणतात त्याला मतदान करता येत नाही. खरं का?

खोटं. यादीतून नाव तेव्हाच जातं जेव्हा सक्षम कोर्टाने त्या माणसाला "मनाने अस्वस्थ" असं जाहीर केलेलं असतं. सर्टिफिकेटवर ७५ टक्के लिहिलंय म्हणून बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारा अधिकारी) नाव नाकारू शकत नाही. प्र. ७ मधला गार्डियनशिपचा कागद म्हणजे पण कोर्टाचं तसं जाहीर करणं नव्हे.

आता गुंतागुंतीचा भाग. मशीनपाशी सोबत माणूस न्यायचा नियम आहे तो अंधत्व किंवा शारीरिक अडचणीसाठी आहे, चिन्ह ओळखता येत नाही किंवा बटण दाबता येत नाही म्हणून. सोबतचा माणूस १८ पूर्ण हवा आणि त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. तुमच्या भावाला हाताने बटण दाबता येत असेल तर अधिकारी तुम्हाला आत सोडणार नाही असं धरून चला, आणि घरी सराव करून घ्या, पुठ्ठ्यावर चिन्हं काढून. कोणाला मत द्यायचं ते तुम्ही शिकवू नका, एवढं पाळा. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाने घरच्यांच्या पक्षाला मत दिलंच नाही, बाहेर येऊन मोठ्याने सांगितलं पण, घरी आठवडाभर शांतता होती.

घरून मतदान हवं असेल तर लोकसभा-विधानसभेला ४० टक्के आणि वर असलेल्यांना फॉर्म १२-डी भरून मिळतं, निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून ५ दिवसांत द्यावा लागतो, मुदत गेली की गेली. पण एकदा घरून घेतलं की केंद्रावर मत देता येत नाही, आणि माझं मत विचाराल तर जमत असेल त्याने केंद्रावर जावं, तिथली पायरी चार लोकांना दिसते.

९. ग्रामसभेत जाऊन नेमकं काय बोलायचं? आणि ते ५ टक्के कुठे जातात?

गावाकडे राहात असाल तर सगळ्यात जास्त काम होतं ते इथेच, त्यामुळे मुंबईच्या सेमिनारला नाही गेलात तरी चालेल पण ग्रामसभा चुकवू नका.

मतदार यादीत नाव आहे म्हणजे तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात, कोणी बोलवायची वाट बघू नका. वर्षातून किमान चार होतात, बहुतेक गावात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास. कोरम १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. कोरम नाही म्हणून तहकूब झाली की पुढच्या सभेला कोरम लागत नाही, आणि खरे विषय बरेचदा त्या रिकाम्या सभेत मंजूर होतात, तिला नक्की जा.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा शासनाचा आदेश आहे. "आमच्यासाठी काहीतरी करा" असं बोललात तर "करू की" म्हणतील आणि विषय संपला. त्यापेक्षा आधी माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, ग्रामसेवकाकडे (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय) : गेल्या तीन वर्षांत स्वउत्पन्न किती, त्याचे ५ टक्के किती, कशावर खर्च झाले, लाभार्थ्यांची निवड कोणी केली. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मग सभेच्या आधीच लेखी विषय द्या आणि पोच घ्या, म्हणजे तो अजेंड्यावर येईल. नाहीतर तुमचं सगळं "आयत्या वेळचे विषय" मध्ये ढकलतात, तोपर्यंत निम्मे लोक चहाला गेलेले असतात.

आमच्या गावात सभा देवळाच्या वरच्या हॉलमध्ये व्हायची, चौदा पायऱ्या. मी पहिल्या वेळी खालीच खुर्ची टाकून बसले आणि वर निरोप पाठवला की मी सदस्य आहे, खाली आहे, माझी हजेरी घ्या. वही खाली आली. सहीसाठी वही खाली आली, चर्चा वरच झाली. दुसऱ्या वेळी आम्ही सात जण खाली बसलो, त्यातले दोघे म्हातारे, गुडघे दुखतात म्हणून आलेले, अपंग नव्हतेच. तिसरी सभा शाळेच्या पटांगणात झाली. ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणाचं, हे प्रोसिडिंगमध्ये स्वतः वाचून बघा, माझ्या ठरावावर आधी दुसऱ्याचंच नाव होतं.

पैसे कशाला मागायचे हे आपसात आधी ठरवा. वर्षातून एकदा घरटी हजार-दोन हजार वाटले की सगळे खूश आणि पंचायत मोकळी. मला ते पटत नाही, पण ज्याच्या घरात खरंच काही नाही त्याला हे मी कोणत्या तोंडाने सांगू, म्हणून आम्ही अर्धं-अर्धं केलं.

१०. मला ऐकू येत नाही. मीटिंगला जाऊन फक्त बसू का?

नका बसू, आधी लेखी मागा. साइन लँग्वेजचा दुभाषा हवा, तो नसेल तर कोणीतरी मोबाइलवर भराभर टाइप करून दाखवणारा हवा, अजेंडा आदल्या दिवशी हवा. दुभाषा जवळ मिळत नाही हे कारण तालुक्याला खरं असतं, तेव्हा व्हिडिओ कॉलवरून दुभाषा घ्या, रेंज असेल तर जमतं. एक सांगते, बहीण किंवा मामा दुभाषा म्हणून नेऊ नका, ते तुमचं म्हणणं "सुधारून" सांगतात (प्र. ६ मधलाच आजार).

अंध मुलामुलींनी कागद वर्ड फाइलमध्ये मागायचे, स्कॅन केलेला फोटो स्क्रीन रीडर वाचत नाही. ज्यांना बौद्धिक अक्षमता आहे त्यांच्यासाठी एक पानी सोप्या मराठीत. आणि "सोय नंतर बघू" हे आता चालत नाही, राजीव रतुरी यांच्या केसमध्ये ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की सुगम्यतेचे (अपंगांना सगळं वापरता यावं याचे) नियम नुसते मार्गदर्शक ठेवून भागणार नाही, ते बंधनकारक हवेत.

११. सरकारी समित्यांवर तरुण माणूस जाऊ शकतो का? तिथे तर सगळे साठीचे दिसतात.

जाऊ शकतो, बंदी नाही. राखीव जागा पण नाही, त्यामुळे कोणी हाक मारून बोलावणार नाही. राज्य सल्लागार मंडळावर संस्था-संघटनांच्या वतीने १० जण घ्यायचे असतात, शक्यतो स्वतः दिव्यांग, आणि त्यात किमान ५ महिला. निदान सहा महिन्यांतून एकदा बैठक घ्यायची असं कायद्यात आहे. त्याशिवाय जिल्हा समिती असते. आणि प्र. ७ मधली स्थानिक स्तर समिती, तिच्यात जिल्हाधिकारी पातळीचा अधिकारी, संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असे लोक असतात. ही एक खुर्ची मला फार महत्त्वाची वाटते कारण तिथे दुसऱ्याच्या पोरांचं पालकत्व ठरतं. जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा की ती व्यक्ती कोण आहे, मुदत कधी संपते. नुसतं विचारलं तरी नोंद होते की कोणीतरी बघतंय.

महाराष्ट्रात ३ डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याण असा वेगळा विभाग आहे, आयुक्तालय पुण्यात. २०११ च्या जनगणनेत राज्यात २९ लाखांवर अपंग लोक मोजले होते, त्यामुळे "माणसंच मिळत नाहीत" हे कोणी सांगू नये.

१२. मला समितीत घेतलं, पण मीटिंग झाल्यावर फक्त सहीला बोलावतात. राजीनामा देऊ?

लगेच नको. आधी एक मेल टाका की इतिवृत्त न वाचता मी सही करणार नाही, आणि पुढची नोटीस मला अमुक इतके दिवस आधी हवी. सही करावीच लागली तर खाली लिहा "चर्चेस उपस्थित नव्हते". या तीन शब्दांनी फाइल अडते, लोकांना फाइल अडलेली चालत नाही. दोनदा असं करून पण काही हललं नाही तर राजीनामा द्या आणि त्यात कारण लिहा, "वैयक्तिक कारणास्तव" लिहू नका.

१३. तक्रार कुठे करायची? वकील लागतो का? आणि नंतर त्रास दिला तर?

वकील लागत नाही. साध्या कागदावर राज्य आयुक्त (दिव्यांग व्यक्ती), पुणे, यांच्याकडे अर्ज करता येतो. कधी, कुठे, कोणी, काय नाकारलं आणि तुम्हाला काय हवंय, एवढं लिहा, सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडा. ऑफिसात स्वतः दिलात तर आवक नंबर टाकून पोच घ्या. आयुक्त समोरच्या खात्याला शिफारस करतात, खात्याने ३ महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं, आणि मानायची नसेल तर का नाही ते पण ३ महिन्यांत सांगावं लागतं. शिफारस म्हणजे कोर्टाचा हुकूम नाही, हे आधीच माहीत असू द्या, नाहीतर निराश व्हाल. पण पुढे हायकोर्टात गेलात तर हा कागद हातात असलेला बरा.

चारचौघात मुद्दाम अपमान केला, धमकावलं तर कलम ९२ आहे, ६ महिने ते ५ वर्षं शिक्षा. पोलीस स्टेशनला हे कलम बऱ्याचदा माहीत नसतं, प्रिंट घेऊन जा. आणि एकटे जाऊ नका.

१४. मुलीच्या शरीराबद्दल घरचे ठरवू शकतात का? पाळी सांभाळता येत नाही म्हणून पिशवी काढायची चर्चा चालू आहे. (हा प्रश्न एका मोठ्या बहिणीने पाठवलाय.)

नाही. मोकळेपणाने आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय मूल होण्याची क्षमता जाईल असा कोणताही वैद्यकीय उपाय कोणावर करता येणार नाही, असं २०१६ च्या कायद्याच्या कलम १० मध्ये आहे. हे कलम हवेतून आलेलं नाही. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींना पुण्यात नेऊन त्यांची गर्भाशयं काढली होती, कारण हेच दिलं होतं, पाळीची स्वच्छता. महिला संघटना रस्त्यावर आल्या म्हणून ते थांबलं. त्या मुलींना कोणी काही विचारल्याचं ऐकिवात नाही.

२००९ मध्ये चंदीगडच्या सरकारी संस्थेतल्या एका तरुणीच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तिला सौम्य बौद्धिक अक्षमता आहे एवढ्यावरून तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही, तिला मूल हवंय, तिचं ऐका. तुमच्या घरात चर्चा असेल तर आधी डॉक्टरांशी साध्या गोळ्या-पॅड-सवयीबद्दल बोला, बहुतेक मुली सहा महिने-वर्षभरात पॅड बदलायला शिकतात, शिकवणाऱ्याला धीर हवा. आणि चर्चा तिच्या समोर करा, तिच्याशी करा.

१५. ऑनलाइन पोस्ट टाकून काही होतं का, की नुसते लाइक?

दोन्ही होतं. मुंबईच्या विराली मोदीने २०१७ मध्ये रेल्वेबद्दल ऑनलाइन मोहीम चालवली, व्हीलचेअरवरून डब्यात चढवताना हमाल नको तिथे हात लावतात हे तिने नाव लावून सांगितलं, त्यानंतर केरळातल्या काही स्टेशनांवर फिरते रॅम्प आले. तीच विराली २०२३ मध्ये स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीला गेली तर ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तिला उचलून न्यावं लागलं. पोस्ट व्हायरल झाली, तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दखल घेतली. म्हणजे सहा वर्षांनी पुन्हा तीच पायरी, फक्त ऑफिस वेगळं.

त्याआधी ऑनलाइन नसताना अपंग हक्क चळवळीतल्या जावेद अबिदींसारख्यांनी नुसत्या पत्रांवर आणि धरण्यांवर काम केलं, मतदान केंद्रावरच्या रॅम्पसाठी २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाचा आदेश मिळवला. पोस्ट टाकाच, पण त्याच दिवशी अर्ज पण टाका (प्र. १३). पोस्टला पोच मिळत नाही.

१६. निवडणूक लढवता येते का? आम्हाला आरक्षण आहे का?

लढवता येते, ग्रामपंचायतीला वय २१ पूर्ण हवं. अपंगांसाठी निवडणुकीत राखीव जागा आपल्याकडे नाहीत. तमिळनाडूने २०२५ मध्ये कायदा बदलून स्थानिक संस्थांत अपंग व्यक्ती नेमायची सोय केली. नेमलेला सदस्य आणि निवडून आलेला सदस्य यात फरक राहणारच, पण खोलीत माणूस तर असेल. आपल्याकडे ही मागणी करायला हरकत नाही, बघू कोण पुढे येतंय.

१७. आमचं आपसातच पटत नाही. आम्ही व्हीलचेअरवाले एक मागतो, अंध मित्र दुसरंच. साहेब म्हणतात, "आधी तुम्ही एक व्हा, मग या."

हे वाक्य मी पण ऐकलंय. रस्ता करताना रिक्षावाले आणि बसवाले एक झाले का म्हणून कोणी विचारत नाही, आपल्यालाच विचारतात.

पण भांडण खरं आहे, ते झाकू नका. फुटपाथवरच्या उंचवट्याच्या पिवळ्या फरशा अंध माणसाला काठीने रस्ता दाखवतात, माझ्या कुबड्या मात्र त्यावर अडखळतात. उतार अगदी सपाट केला तर व्हीलचेअर सुखाने जाते पण अंध माणसाला फुटपाथ कुठे संपला आणि रस्ता कुठे लागला ते कळत नाही. बहिऱ्या मुलांना हॉलमध्ये लख्ख उजेड हवा, तोंड-हात दिसायला, आणि ऑटिझम असलेल्या एखाद्याला तोच उजेड सहन होत नाही.

आमच्या तालुक्याच्या ठिकाणी फुटपाथचं काम निघालं तेव्हा आम्ही कागद बाजूला ठेवले आणि एका रविवारी सकाळी सहा जण जागेवर गेलो, दोन अंध, दोन व्हीलचेअर, मी, आणि एक ऐकू न येणारा मित्र जो फोटो काढत होता. टेप लावून मोजलं. निघालं असं की पिवळी पट्टी भिंतीच्या बाजूने घेतली तर रस्त्याकडची बाजू आम्हाला मोकळी राहते, आणि उताराच्या तोंडाशी खरबरीत फरशी टाकली तर दोघांचंही काम होतं. भांडणं अर्धी तिथेच मिटली, उरलेली वडापाव खाताना. इंजिनिअर साहेबांना तो नकाशा दिला, पोच घेतली. एका बाजूचं काम तसं झालंय, दुसऱ्या बाजूला पट्टीच्या मधोमध विजेचा खांब आहे, त्याचा अर्ज चालू आहे.